अमेरिकेला न्यायला टिकाऊ बॅग कोणती? आधी ती उलटी करून बघा

तुम्ही विचारलंय की आई ६५ आणि बाबा ७० चे, पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी बहिणीकडे चाललेत, जूनमध्ये, मुंबई ते नुअर्क आणि तिथून नॉर्थ कॅरोलिनात रालेला. चार मोठ्या बॅगा घ्यायच्यात, बजेट ३० हजार, मागच्या वर्षी ऑनलाइन घेतलेल्या बॅगेचं चाक पहिल्याच फेरीत गेलं म्हणून तुम्ही वैतागलाय, आणि आता "हार्ड घेऊ की सॉफ्ट ते एकदाच सांगा, परत दहा वर्षं बघायला नको" असं तुमचं म्हणणं आहे.

मी दादरला बॅग रिपेअरिंग करतो. दुकान वडिलांचं, मी स्वतः गल्ल्यावर बसतोय त्याला २४ वर्षं झाली. मे-जूनमध्ये मुलांकडे जाणारे आई-वडील, ऑगस्टच्या आधी मास्टर्सला जाणारी पोरं आणि डिसेंबरात इकडे येणारे एनआरआय असे आमचे तीन सीझन. नवी बॅग मी विकत नाही, चाकं, दांडे, चेनी, कुलपं बदलतो, त्यामुळे कुठली बॅग चांगली यापेक्षा कुठली बॅग कशाने मेली हे मला जास्त कळतं, आणि उत्तरही त्याच बाजूने देतो.

तर पहिली गोष्ट, हार्ड की सॉफ्ट हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बॅगांचं अंग ठणठणीत असतं, ओरखडे पडलेले, रंग उडालेला, पण फुटलेलं नाही. गेलेलं असतं ते चाक, नाहीतर ट्रॉलीचा दांडा, नाहीतर चेनचा रनर. तुमच्याही बॅगेचं चाकच गेलं ना? तरी तुम्ही विचारताय ते कवचाबद्दलच. दुकानात सेल्समनपण कवचच दाखवतो, त्याच्यावर उभा राहून दाखवतो. बेल्टवर तुमच्या बॅगेवर कोणी उभं राहत नाही हो, तिथे ती चाकावर आपटते, आणि तेही रिकामी नसते, २३ किलोची असते.

बॅगेचं नेमकं काय होतं ते बघा. लोकांना वाटतं प्रवास लांबचा म्हणजे बॅगेचे हाल जास्त, तसं नाहीये. मुंबई-नुअर्कला मोठं विमान असतं, त्यात बॅगा आधी खाली कंटेनरमध्ये लावतात आणि तो कंटेनरच विमानात सरकवतात, मग १५-१६ तास ती बॅग शांत पडून असते. हाल होतात ते छोट्या विमानात. नुअर्क-राले हा देशांतर्गत टप्पा, तिथल्या लहान विमानांत माणसं एकेक बॅग हाताने आत टाकतात, वाकून, घाईत, आणि ती सरपटत दुसऱ्या टोकाला जाते. म्हणजे किती हजार किलोमीटर यापेक्षा किती वेळा चढ-उतार हे मोजा. तुमच्या केसमध्ये जाताना दोनदा, येताना दोनदा.

आणि त्याहून महत्त्वाचं, जे प्रश्नात आलंच नाही. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं उतरता तिथे सहसा आपल्या बॅगा आपण बेल्टवरून उचलून कस्टममधून काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या असतात, मुंबईत टॅग थेट रालेपर्यंत लागला असला तरी. म्हणजे नुअर्कला रात्रभराच्या प्रवासानंतर ७० वर्षांचे बाबा आणि ६५ च्या आई चार बॅगा बेल्टवरून ओढून काढणार आहेत. त्यामुळे टिकाऊ म्हणजे काय हे तुमच्या घरासाठी वेगळं आहे. चोवीस वर्षांच्या पोराला मी जी बॅग सांगेन ती तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या बॅगेला वरती एक, बाजूला एक आणि खाली तळाशी एक अशा तीन ठिकाणी हाताने धरायची सोय पाहिजे, आणि ती रिकामी असताना हलकी पाहिजे. तळाच्या मुठीकडे कोणी बघत नाही, पण बेल्टवरून आडवी बॅग दोघांनी मिळून उचलायची तर दुसऱ्याला धरायला तेवढीच जागा असते.

वजनाचं गणित सोपं आहे. त्या मार्गावर इकॉनॉमीत सहसा माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, तरी तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. त्या २३ मध्ये बॅगही आली. रिकामी २८ इंची बॅग साडेतीन किलोचीही मिळते आणि साडेपाचचीही. दोन किलोचा फरक, चार बॅगांना आठ किलो, म्हणजे आईचं सगळं भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लाडू. ते इकडे राहिलं की त्या तुम्हाला काय बोलतील ते मी सांगायला नको. माप म्हणाल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर, चाकं आणि मूठ धरून. २८ इंची बॅग साधारण त्याच्यात बसते, ३० इंची म्हणून विकतात ती बऱ्याचदा बसत नाही, आणि एक्सपांडरची, म्हणजे बॅग फुगवून जागा वाढवणारी, चेन उघडली की २८ वालीही बाहेर जाते. तो एक्सपांडर येतानासाठी ठेवा असं लोक सांगतात, मी म्हणतो अजिबात उघडूच नका. फुगलेल्या बॅगेचा सगळा ताण चेनवर येतो आणि ती बेल्टवर नीट झोपतही नाही.

आता चाकं. उभी बॅग, दोन चाकं आणि लांब दांडा हा प्रकार १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ नावाच्या अमेरिकन पायलटने काढला, क्रूला आपलं सामान टर्मिनलमधून नेता यावं म्हणून. म्हणजे ही वस्तू मुळात गुळगुळीत फरशीसाठी जन्मली, दादर स्टेशनबाहेरच्या पेव्हर ब्लॉकसाठी नाही. चार चाकवाली त्याच्याही पुढची नाजूक. दोन चाकांच्या बॅगेत चाक अंगात अर्धं बुडालेलं असतं, त्याला मार कमी बसतो, चार चाकवालीची चाकं खाली पाय काढून उभी असतात आणि बॅग कुठेही टाकली की पहिला फटका त्यांनाच. शुद्ध टिकाऊपणा बघितला तर दोन चाकवाली जिंकते. पण दोन चाकवाली तिरकी करून ओढायला लागते आणि त्या वजनाचा वाटा मनगटावर येतो, चार चाकवाली उभीच शेजारून ढकलत नेता येते. आई-बाबांसाठी मी चार चाकंच सांगेन, डोळे उघडे ठेवून, की ही चाकं कधीतरी जाणारच आहेत.

म्हणून मुद्दा असा की गेली तर बदलता येतील का. दुकानात गेलात की बॅग उलटी करा. चाकाच्या घरापाशी स्क्रू दिसतायत का बघा. नाही दिसले तर बॅग उघडून आतल्या अस्तराची चेन उघडा, चांगल्या बॅगेला अस्तराला तळाशी चेन असते, ती असण्याचं कारणच हे की आत हात घालून चाक, दांडा सोडवता यावा. आत स्क्रू दिसले, बोटाने चाचपले तरी कळतात, तर ती बॅग मला, किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही रिपेअरवाल्याला, अर्ध्या तासात परत उभी करता येते. आत नुसते रिव्हेट ठोकलेले असतील तर ड्रिलने उडवून मग स्क्रू-नट लावावे लागतात, होतं, पण वेळ आणि पैसे जास्त. आणि चाकाचं घर बॅगेच्या अंगातच मोल्ड केलेलं असेल, वेगळा भाग नाहीच, तर मी हात जोडतो. मागच्या वर्षीची तुमची बॅग बहुतेक या तिसऱ्या जातीची असणार.

दुसरं म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक चाक आहे की जोडी आहे ते बघा. जोडीचं चाक म्हणजे दोन चकत्या शेजारी-शेजारी, वजन वाटलं जातं आणि फटीत अडकत नाही. चाक बोटाने फिरवा, लगेच थांबलं तर आत बेअरिंग नाही, नुसता पिनवर प्लास्टिक घासतंय. मग चाकाला धरून आडवं हलवा, लुडबुडतंय का. नव्या बॅगेचं चाक दुकानातच लुडबुडत असेल तर ती तिथेच ठेवा.

आता एक गोष्ट जी कंपन्या सांगत नाहीत आणि जी बघून माझ्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मुलुंडचे एक काका आले होते, २०१४ ला घेतलेली महागातली बॅग, दोनदाच वापरलेली, टॅगसुद्धा तसाच. मुलीकडे जायचं म्हणून माळ्यावरून काढली, हॉलमधून ओढली आणि फरशीभर काळा चुरा. काउंटरवर मी चाकाला अंगठा लावला तर खारी बिस्किटासारखा थरच्या थर निघून हातात, आत फक्त पांढरी प्लास्टिकची चकती उरली. काका म्हणाले, अहो वापरलीच नाही तर झिजली कशी! झिजली नाहीच ती. मऊ, आवाज न करणारं चाक बऱ्याचदा पॉलीयुरेथेनचं असतं, ते हवेतला ओलावा घेतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत तुटत जातं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. खोक्यात जपून ठेवलेल्या बुटांचे सोल निघून येतात तोच प्रकार. मुंबई, कोकण, गोव्याची हवा आणि वर गरम माळा, म्हणजे त्याला सगळं अनुकूल. कापडी बॅगेच्या आतला कोट चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात, तेही बऱ्याचदा याच्यामुळेच.

म्हणजे बॅग विमानतळावर जेवढी मरते तेवढीच माळ्यावरही मरते. तुमचे आई-बाबा वर्षातून एकदा जाणार की पाच वर्षांतून एकदा, यावर खूप काही अवलंबून आहे. वरचेवर जाणार असतील तर मऊ चाक घ्या, त्याला आयुष्य मिळेल आणि ते झटकेही पितं. एकदा जाऊन बॅग माळ्यावरच जाणार असेल तर किंचित कडक, खडखड करणारं चाक जास्त दिवस काढतं. नखाने दाबून बघा, नख रुतलं तर मऊ. आणि ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो, जुनी चादर टाका, माळ्यापेक्षा पलंगाखाली बरी, आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढून दोन फेऱ्या ओढा. जायच्या आदल्या रात्री नाही, निदान महिनाभर आधी काढून बघा. आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता चाक घेऊन धावत येणारी माणसं दर सीझनला असतात, आणि नेमका त्यांच्याच मापाचा माल दुकानात नसतो.

दांडा. पूर्ण वर ओढा आणि मूठ धरून पिळा, डावीकडे-उजवीकडे. थोडी हालचाल सगळ्यांतच असते, पण मूठ एका नळीवर वर आणि दुसऱ्यावर खाली होत असेल तर आतल्या खुंट्या हलक्या आहेत, काही फेऱ्यांनी त्या अडकणार आणि दांडा अर्ध्यातच राहणार. बटण दाबून दहा वेळा वर-खाली करा, सेल्समन बघत राहिला तरी करा. आणि आई-बाबांना एक गोष्ट शिकवा, दांड्याला धरून बॅग कधी उचलायची नाही. जिना, टॅक्सीची डिकी, वजनकाटा, सगळीकडे लोक दांड्याला धरून २३ किलो उचलतात, आणि दांडे बहुतेक असेच जातात.

चेनबद्दल. गल्ल्यावर मी गिऱ्हाइकांना एक जादू दाखवतो. बंद बॅग, दोन्ही रनर कुलपात, आणि साधं बॉलपेन चेनच्या दातांत दाबून खुपसायचं, सर्रकन उघडते. मग कुलूप लागलेलेच दोन्ही रनर इकडून तिकडे एकदा फिरवले की परत बंद, काही झालंय असा पत्ता लागत नाही. हे नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनमध्ये होतं, म्हणजे बहुतेक सगळ्या बॅगांमध्ये, आणि हार्ड बॅगेलाही कडेने चेनच असते, तेव्हा हार्ड म्हणजे तिजोरी असं समजू नका. घेताना रनर उलटा करून मागचा आकडा बघा, ५ असेल तर मोठ्या बॅगेला हलकी, ८ किंवा १० पाहिजे, हा आकडा साधारण बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी असते. वायकेके लिहिलेलं असेल तर उत्तम, जपानी कंपनी आहे, १९३४ पासूनची. ते नसलं म्हणजे चेन वाईटच असं नाही, पण नाव नाही, आकडा नाही आणि रनर कोपऱ्यात अडकतोय, तर सोडा. दोन पदरी चेन मिळते, पेन सहज जात नाही, तुमच्या बजेटमध्ये एखाद्या बॅगेला मिळून जाईल. चेन नसलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची आणि क्लॅम्पची बॅग येते, ती सुरक्षित पण जड, आणि फ्रेम एकदा वाकली की झाकण कायमचं तोंड वासून, तुमच्यासाठी नको.

कुलूप टीएसएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याला चालणारं, घ्या, अमेरिकेत जाताय म्हणून. लाल चौकोनी चिन्ह असतं, त्याच्या मास्टर किल्ल्या तिथल्या तपासनिसांकडे असतात, साधं कुलूप लावलं आणि त्यांना बॅग उघडायची असली तर ते तोडणारच. पण सुरक्षितता म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका, २०१५ मध्ये त्या मास्टर किल्ल्यांचे फोटो सगळीकडे पसरले आणि लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढल्याही. दागिने, औषधं, कागदपत्रं हातातल्या बॅगेतच. आणि कुलपाचा नंबर आईबाबांच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याकडेही लिहून ठेवा. नंबर विसरलो म्हणून येणारे किती असतात याचा हिशेब मी ठेवत नाही, पण चहाचा खर्च त्यातून निघतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, हार्ड की सॉफ्ट.

हार्डमध्ये तीन प्लास्टिकं बाजारात आहेत. एबीएस सगळ्यात स्वस्त, चकचकीत, कडक, आणि कडक म्हणूनच कोपऱ्यावर आपटली की तडकते. पॉलीकार्बोनेट महाग, पण दबते आणि परत वर येते, हेल्मेटच्या काचा याच्याच करतात. पॉलीप्रॉपिलीन म्हणजे आपल्या बादल्या-खुर्च्यांचं घराणं, चिवट, स्वस्त, ओरखडे दिसतात पण सहसा तडकत नाही. फक्त कडाक्याच्या थंडीत ते कडक होतं, त्यामुळे जानेवारीत कॅनडाला जाणाऱ्याला मी पॉलीकार्बोनेटच सांगतो. तुमचं राले तसं सौम्य आहे आणि तुम्ही जूनमध्ये चाललाय. लेबलवर नुसतं "पॉलीकार्बोनेट" बघून फसू नका, बऱ्याच स्वस्त बॅगा आतून एबीएस आणि वर पॉलीकार्बोनेटचा पातळ थर अशा असतात. झाकणाच्या मधोमध दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाबा. खोल दबून टप् करून परत आली आणि खूण राहिली नाही तर ठीक. दाबल्या जागी पांढुरकी रेघ उमटली तर ती एबीएस आहे आणि तडा तिथूनच जाईल. गडद रंगावर ही रेघ चटकन दिसते म्हणून काळी-निळी बॅग दाबून बघायला बरी.

सॉफ्टमध्ये सेल्समन डेनियर सांगेल, ६००, १२००, १६८०. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, म्हणजे धागा किती जाड एवढंच, तो पॉलिस्टर की नायलॉन, विणला कसा, शिवला कसा हे त्यात येत नाही. १२०० च्या खाली मोठी बॅग घेऊ नका आणि मग आकडा विसरून शिवण बघा, कोपऱ्यांवर वरून प्लास्टिकचं किंवा जाड कापडाचं कवच आहे का बघा, कारण सॉफ्ट बॅग झिजते ती कोपऱ्याला आणि खालच्या कडेच्या पायपिनला, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाला. सॉफ्टचा मोठा गुण हा की फाटली तरी शिवता येते. फुटलेली हार्ड मी आतून पट्टी लावून चिकटवून देतो, पण गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की एक फेरी काढेल, पुढचं माझ्यावर नाही.

हार्डची अडचण अशी की ती मधोमध दोन फाळ्यांत उघडते, दुप्पट जागा लागते आणि दोन्हीकडे सामान बांधावं लागतं. विमानतळावर काट्यावर २४.८ आलं की आपली माणसं काय करतात ते तुम्ही पाहिलंय, सगळ्यांच्या देखत बॅगा जमिनीवर उघडून चकल्यांचा डबा या बॅगेतून त्या बॅगेत. सॉफ्टचं झाकण एका बाजूने उघडतं, बाहेर कप्पा असतो, त्यातून दोन किलो काढायला मिनिट लागत नाही. उलट सॉफ्टची अडचण जूनमध्ये कळेल, मुंबईत विमानात चढायच्या आधी बॅगा किंवा त्यांचे कंटेनर उघड्यावर उभे असू शकतात आणि वरून आपला पाऊस. आतले कपडे ओले होऊन राहिले की रालेला पोचेपर्यंत कुबट.

त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर चारी एकसारख्या घेतल्याच नसत्या. दोन हार्ड, पॉलीप्रॉपिलीन किंवा खरी पॉलीकार्बोनेट, त्यात कपडे आणि ओलं व्हायला नको असं सगळं. दोन सॉफ्ट, त्यात डबे, पिशव्या, ऐनवेळी हलवायचं सामान, आणि आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालून, म्हणजे पाऊसही आत नाही आणि लोणच्याचं तेलही बाहेर नाही. पैसे पण सारखे वाटू नका, हार्डला नऊ-नऊ हजार घाला, सॉफ्टला सहा-सहा, बरोबर तीस होतात. तीन बॅगांचा सेट सहा हजारांत मिळतो त्याच्या नादाला लागू नका. त्या सेटमधली लहान बॅग बरी निघते, मोठी नाही, कारण चाकं आणि दांडा तिन्हींना जवळपास एकाच ताकदीचे असतात आणि वजन मात्र तिप्पट.

ब्रँडचं नाव मी मुद्दाम घेत नाही, पण एक सांगतो. अमेरिकन टुरिस्टर सॅमसोनाइटचीच, आणि स्कायबॅग्ज, अ‍ॅरिस्टोक्रॅट, कार्लटन हे व्हीआयपीच्या घरातले, म्हणजे दुकानात दिसतात तेवढ्या कंपन्या मुळात नाहीत. दोन्हींचे कारखाने आपल्या नाशिक भागात आहेत. चालणाऱ्या कंपन्यांच्या मालाला साजेशी चाकं, मुठी आमच्याकडे येत राहतात, म्हणून त्या बॅगा मला आवडतात. फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, दर सहा महिन्यांनी मॉडेल बदलणाऱ्या बॅगेचं चाक मी आणू कुठून? मग दुसऱ्या कुठल्यातरी बॅगेचं चाक घासून, भोकं पाडून बसवतो, चालतं, पण बॅग एका बाजूला जरा लंगडते. वॉरंटीचा कागद वाचाच, तीन वर्षं, पाच वर्षं मोठ्या अक्षरात असतं आणि विमान कंपनीच्या हाताळणीत झालेलं नुकसान धरत नाही हे बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात.

आणि खरेदीला आई-बाबांना सोबत न्या. दुकानात एखाद्या बॅगेत दुसऱ्या दोन-तीन बॅगा किंवा मिळेल ते वजन भरायला लावा आणि आईंना ती जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचलायला सांगा, बाजूच्या मुठीने. मुठीची कड बोटाला रुतते का, पंजा आत पूर्ण जातो का, बटण त्यांच्या अंगठ्याने दाबलं जातं का. संधिवाताच्या बोटांना काही बटणं दाबताच येत नाहीत, हे आपल्याला कळत नाही कारण आपण दाबतो आणि ते दबतं. घरी एक हुकवाला डिजिटल काटा आणा, पाच-सहाशेचा, आणि २३ वर नाही, २२ वर थांबा.

पॅकिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी थोडंसं. जुने बारकोडचे स्टिकर सगळे ओरबाडून काढा, मशीन जुना वाचतं आणि बॅग भलतीकडे जाते. लोंबते पट्टे कापा किंवा आत खोचा, ते बेल्टच्या सांध्यात अडकतात आणि मग मूठच उपटून येते. आत सगळ्यात वर एका कागदावर नाव, बहिणीचा पत्ता आणि फोन. प्रत्येक बॅगेचा उघडी आणि बंद असा फोटो. पॉवर बँक आत ठेवायची नाही, सोबतच घ्यायची. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात, तपासणीत काढायला लावतील.

रालेला बॅगा बेल्टवरून घेतल्या की तिथल्या तिथे चारी बाजूंनी बघायच्या, घरी जाऊन नाही. काही तुटलं असेल तर हॉल सोडायच्या आधी विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून तिचा नंबर घ्यायचा. माँट्रियल करार, म्हणजे विमानप्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, भारताला आणि अमेरिकेला दोघांना लागू आहे, त्यात नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करायची मुदत आहे, आणि भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर. ही मर्यादा आहे, एवढे मिळतातच असं नाही. चाक आणि मूठ ही "नेहमीची झीज" म्हणून कंपन्या हात वर करतात, तेव्हा मुंबईत बॅग देतानाचा चाकांचा फोटो असला तर बोलायला तोंड राहतं. माझे एक गिऱ्हाईक असा फोटो दाखवून भांडले आणि त्यांना दुरुस्तीचे पैसे मिळाले, माझंच बिल लावलं होतं त्यांनी.

राहिली तुमची ती मागच्या वर्षीची बॅग. फेकू नका अजून. उलटी करून चाकाच्या जागेचा आणि अस्तराच्या आतला असे दोन फोटो काढा आणि जवळच्या रिपेअरवाल्याला दाखवा. स्क्रू किंवा रिव्हेट असतील तर चारही चाकं बदला, एकच बदललं तर उंची जुळत नाही, माझ्याकडे चारांचे हजार-बाराशे होतात. मोल्ड केलेली निघाली तर घरात पांघरुणं ठेवायला चांगली आहे. आणि दुकानात आणताना रिकामी करून आणा, आतले कप्पे पण बघा. गेल्या आठवड्यात एका ताईंच्या बॅगेचं अस्तर उघडलं तर आतून हळद-कुंकवाच्या पुड्या आणि मेतकुटाची पिशवी निघाली, तारीख २०१६ ची, आणि त्या म्हणतात, अगंबाई, हे तेव्हा किती शोधलं होतं आम्ही!